लेक पॉवेलवर स्ट्रायपर गरवताना

अमेरिकेतल्या लेक पॉवेल या जलाशयावर स्ट्रायपर मासे धरायला जायचं ठरलं की दादा सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघतो. हवामान नंतर. पाणी समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे हा आकडा रोज जाहीर होतो. जलाशय काठोकाठ भरला की ३,७०० फूट. आम्ही जून २०२५मध्ये गेलो तेव्हा तो ३,५५८च्या आसपास होता, म्हणजे पूर्ण पातळीपेक्षा जवळजवळ १४० फूट खाली. बोट कुठून उतरवायची, कुठल्या वाटेने जायचं, मासे कुठल्या कड्याला असतील, सगळं या आकड्यावरून ठरतं.

दादा माझा चुलतभाऊ. आम्ही दोघंही सिंधुदुर्गातले, खाडीकाठी वाढलेले, आणि आता दोघंही अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला. आजोबा संध्याकाळी गरी आणि दोरी घेऊन धक्क्यावर जाऊन बसायचे. भरती कधी लागणार हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. पॉवेलवर आले की मला ते आठवतात, फक्त इथली ओहोटी पंचवीस वर्षं चालली आहे. २००० सालाच्या सुमारास कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात दुष्काळ सुरू झाला आणि तेव्हा जवळजवळ भरलेला हा जलाशय उतरत गेला. मध्येच एखादं भरपूर बर्फाचं वर्ष येतं. एप्रिल २०२३मध्ये पाणी ३,५२० फुटांच्याही किंचित खाली गेलं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात बर्फ वितळून ते साठ फुटांहून जास्त चढलं. पुढच्या वर्षांत पुन्हा घसरण.

या जलाशयाचा आकार डोळ्यांपुढे आणल्याशिवाय इथली मासेमारी समजत नाही. अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाजवळ ग्लेन कॅन्यन धरण आहे, ७१० फूट उंच. १९६३ साली त्याच्यामागे पाणी अडायला लागलं, ते पहिल्यांदा पूर्ण भरायला १९८० उजाडलं. भरलेला असताना हा जलाशय १८६ मैल लांब असतो, पण तळं म्हटल्यावर जो गोल पसारा मनात येतो तसं इथे काही नाही. नदीची नागमोडी घळ, तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या नव्वदहून जास्त उपघळी, आणि त्या सगळ्यांत भरलेलं पाणी. तांबूस वालुकाश्माचे कडे सरळ पाण्यात उतरतात आणि पाण्याखालीही तसेच उतरत जातात. बोटीतून हात लांब केला तर कड्याला लागतो, आणि त्याच जागी खाली दीडशे-दोनशे फूट पाणी असतं. उथळ काठ शोधून गळ टाकायची आपली सवय इथे चालत नाही. कड्यांवर मात्र पाण्याच्या वर एक पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी तिथपर्यंत होतं तेव्हा दगडावर बसलेला तो चुन्याचा थर. मान मागे टाकून तो पाहिला की १४० फूट म्हणजे काय ते कळतं.

जलाशयाचा मोठा भाग युटा राज्यात आणि धरणाकडचा थोडा अ‍ॅरिझोनात. परवाना दोन्हीपैकी एका राज्याचा असला तरी सगळ्या लेक पॉवेलवर चालतो, फक्त ज्या राज्याच्या पाण्यात आपण आहोत तिथले नियम पाळायचे. माझी लेक अकरा वर्षांची आहे. युटात बारा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, अ‍ॅरिझोनात दहा वर्षांपासून लागतो, म्हणून तिचा पाच डॉलरचा मुलांचा परवाना काढला. तिने तो छापून पाकिटात ठेवला आहे. लाइफ जॅकेट तिच्या वयाला सक्तीचंच, पण आमच्या बोटीत तिघंही घालतो. सरळ कड्यांच्या घळीत माणूस पाण्यात पडला तर पोहत जाऊन पकडायला काठ नसतो. इंजिन बंद करणारी दोरीही दादा बोट हलण्याआधी मनगटाला अडकवतो. लहान बोटींसाठी २०२१पासून तो देशभर नियमच झाला आहे.

धरणाजवळच्या वाहवीप मरिनाला, म्हणजे बोटींच्या धक्क्याला, पोचलो ते पहाटे, उजाडायच्या आत. पातळी खाली गेली की बोट उतरवायचा एकेक रॅम्प निकामी होतो, कारण काँक्रीट संपतं आणि पाणी पुढे राहतं. कुठला रॅम्प किती फुटांपर्यंत चालेल याची माहिती नॅशनल पार्क सर्व्हिस देते. आम्ही स्टेटलाइनच्या ऑक्झिलरी रॅम्पवरून बोट उतरवली. उतारावर पायांखाली शिंपल्यांचा चुरा वाजत होता. हे क्वागा मसल, बोटाच्या पेराएवढे, मूळचे युक्रेनकडचे, बोटींना चिकटून इथवर आलेले. २०१३च्या सुमारास पॉवेलमध्ये त्यांचे मोठे झालेले शिंपले सापडले आणि आता ते सगळीकडे आहेत. पाणी उतरलं की कड्यावर उघडे पडून मरतात. अनवाणी चाललं तर पाय चिरतात.

वाहवीपकडून वर जायला कॅसल रॉक कट नावाची जवळची वाट आहे. पाणी पुरेसं असलं की ती उघडते आणि दहा-बारा मैलांचा वळसा वाचतो. आम्हाला ती बंद मिळाली. मग धरणाच्या बाजूने मुख्य घळीत शिरून अ‍ॅन्टेलोप पॉइंटवरून लांबच्या वाटेने निघालो. वळसा पेट्रोलच्या दृष्टीने महाग, पण मासेमारीच्या दृष्टीने सोयीचा, कारण नावाहो कॅन्यन या उपघळीचं तोंड याच वाटेवर लागतं. घळीत तरंगणाऱ्या बोयांवर धरणापासूनचे मैल लिहिलेले असतात, ते वाचत जायचं. दादा जीपीएसच्या नकाशावर भिस्त ठेवत नाही. पातळी उतरली की काल पाण्याखाली असलेला खडक आज पृष्ठभागापासून दोन फुटांवर असतो, आणि नकाशाला ते माहीत नसतं. पाण्याचा रंग बदलला की तो वेग कमी करतो.

जलाशयातला सगळ्यात जास्त धरला जाणारा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, सगळे त्याला स्ट्रायपर म्हणतात. चंदेरी अंग आणि त्यावर शेपटीपर्यंत गेलेल्या काळ्या रेघा. मूळचा हा अटलांटिक किनाऱ्याचा मासा, समुद्रात राहणारा आणि अंडी घालायला नदीत चढणारा. १९७४ साली तो इथे सोडला. त्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, म्हणून इथे त्याची वीण होणार नाही, असा तेव्हाचा अंदाज होता. पण १९७९ साली वीण झाल्याचं दिसलं, आणि मग त्याला आवर घालणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

त्याचं खाणं म्हणजे थ्रेडफिन शॅड, बोटभर लांबीचा चंदेरी मासा. तो १९६८ साली इथे आणलेला. शॅड मुबलक झाले की स्ट्रायपर वाढतात. स्ट्रायपर वाढले की ते शॅड संपवतात, आणि मग खायला काही उरलं नाही की उपाशी राहून डोकं मोठं आणि अंग सुकलेलं असे स्ट्रायपर गळाला लागायला लागतात. त्यातले बरेच मरतात, शॅड पुन्हा वाढतात, चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणून युटाचं वन्यजीव खातं इथल्या स्ट्रायपरवर मर्यादा घालत नाही. हवे तेवढे न्या, आणि न्याच, असं सांगतं. खाडीवर लहान मासा परत सोडायचा, हे आजोबांनी शिकवलेलं. इथे तो बर्फावर ठेवणं म्हणजे जलाशयाला मदत करणं. मला ही गोष्ट मनापासून पटते. उपासमारीने हाडं निघालेला मासा एकदा हातात घेतला की कुणालाही पटेल.

नावाहो कॅन्यनमध्ये दोन-तीन वळणं आत गेल्यावर दादाने इंजिन हळू केलं आणि फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, लावला. मासे शोधायचे म्हणजे आधी शॅड शोधायचे. स्क्रीनवर ते ढगासारखे दिसतात, आणि त्या ढगाच्या खाली किंवा बाजूला कमानी दिसल्या की ते स्ट्रायपर. कुठल्याही कड्याला मासे असतील असं नाही. जिथे कडा सरळ उतरता उतरता मध्येच पायरीसारखा पुढे येतो, जिथे घळ वळते आणि बाहेरच्या अंगाला पाणी खोल असतं, जिथे सकाळची सावली टिकते, अशा जागा आधी बघायच्या. जून महिन्यात वरचं पाणी तापायला लागतं. मोठ्या स्ट्रायपरला ते सोसत नाही, तो खाली गार पाण्यात राहतो. शॅडला मात्र ऊब आवडते. खाणं वर आणि खाणारा खाली. म्हणून मोठे मासे अशा दिवसांत भुकेले असतात आणि खाली सोडलेल्या आमिषावर तुटून पडतात.

पहिला कडा रिकामा. दुसऱ्यावर काही कमानी दिसल्या, पण आमिष सोडलं तर हालचाल नाही. दादाने तिथे पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवला नाही. पॉवेलवर एका जागी आशेने बसून राहणं हा वेळेचा अपव्यय आहे असं त्याचं मत, आणि आता माझंही. तिसऱ्या वळणावर, पन्नास ते सत्तर फुटांच्या मध्ये, स्क्रीनवर कमानींची दाटी झाली.

आमिष म्हणजे अँचोव्ही, आपल्या मांदेलीच्या घराण्यातला समुद्री मासा. गोठवलेली पाकिटं विकत मिळतात. एका माशाचे तीन तुकडे करायचे. पाव औंसाच्या जिग हेडवर, म्हणजे डोक्याशी शिशाचा गोळा असलेल्या गळावर, एक तुकडा घट्ट ओवायचा. ढिला ओवला तर पहिल्याच टोकरणीत निघून जातो. उरलेले काही तुकडे बारीक चिरून त्यांचा मूठभर चुरा पाण्यात टाकायचा. असं खाणं टाकून मासे बोलावणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, पॉवेलवर अँचोव्हीचं चालतं. मग रीलचं बेल, म्हणजे दोरी अडवून धरणारी वळलेली तार, उघडून दोरी मोकळी सोडायची.

सगळी मेख या मोकळ्या सोडण्यात आहे. दोरी ताणून सोडली तर आमिष बोटीखाली झुलत येतं आणि मासा त्याच्याकडे बघत नाही. सैल सोडलं तर ते वर टाकलेल्या चुऱ्याच्या वेगाने, त्याच्यातलंच एक होऊन खाली जातं. स्ट्रायपर बहुतेक वेळा ते पडत असतानाच घेतो. हाताला धक्का लागत नाही. पाण्यावरची दोरी एकदम थांबते, किंवा कडेला सरकते, किंवा नेहमीपेक्षा भरभर जायला लागते.

"अगं, रॉडकडे नको बघूस, दोरीकडे बघ," दादा म्हणाला. "थांबली की बेल बंद कर आणि उचल."

लेकीची दोरी आधी थांबली. तिने बेल बंद केलं, रॉड उचलला आणि तो अर्धा वाकला. स्ट्रायपर उड्या मारत नाही, तो सरळ खाली ओढतो, आणि खोल पाणी असल्यामुळे त्याला खाली जायला भरपूर जागा असते. रीलचा ब्रेक किंचित सैल ठेवून त्याला दोनतीनदा जाऊ द्यायचं. तिचा मासा बोटीजवळ दिसायला लागला तेव्हा त्याच्यामागे आणखी पाच-सहा चंदेरी अंगं वर आलेली दिसली. पाणी इतकं स्वच्छ, की वीस फूट खालचा मासाही स्पष्ट दिसत होता.

"लगेच वर नको घेऊस, तिथेच राहू दे जरा," दादाने तिला सांगितलं आणि मला म्हणाला, "तू सोड तुझी."

झुंडीतला एक मासा झुंजत असला की बाकीचे त्याच्यामागे येतात, आणि ते जवळ असेपर्यंत दुसरा गळ खाली गेला पाहिजे. एक मासा कायम पाण्यात, एक गळ कायम खाली, अशी ती लय. ती जमली की झुंड बोटीखाली टिकते. तुटली, तिघांचेही मासे एकदम वर आले किंवा दोऱ्या गुंतल्या, की झुंड विरून जाते आणि पुन्हा चुरा टाकून बोलवावी लागते. मग तासभर कुणाला बोलायला सवड नव्हती. दादा मधूनमधून तुकडे टाकत होता, लेक मोजत होती आणि मी गळ सोडवत होते.

"मामा, हा खूप लहान आहे. ठेवायचा की सोडायचा?"

"ठेवायचा. स्ट्रायपर इथे परत सोडायचा नाही."

तिला ते पटायला वेळ लागला. शॅडची सगळी कथा दादाने तिला मासे काढता काढताच सांगितली, आणि एक सुकलेला, मोठ्या डोक्याचा मासा आला तेव्हा तो तिच्या हातात दिला. त्यानंतर तिने विचारलं नाही.

मासा वर आला की लगेच कल्ल्यांपाशी कापून रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फात घालायचं. जूनमध्ये या वाळवंटात दुपारी ऊन अंग भाजून काढतं. बर्फ कमी नेला तर मांस मऊ पडतं आणि मग स्ट्रायपरला वास येतो म्हणून लोक मासळीला नावं ठेवतात. आमच्यापैकी बहुतेक मासे दोन-तीन पौंडांचे होते. लेक पॉवेलमधला विक्रमी स्ट्रायपर १९९१ साली धरलेला, ४८ पौंड ११ औंसांचा, आणि तो अजूनही युटा राज्याचा विक्रम आहे. हल्ली तेवढा मासा इथे पोसला जाण्याइतकं खाणंच नाही.

दहाच्या पुढे ऊन कड्यावरून खाली उतरलं, सावली गेली आणि मासेही गेले. आम्ही निघालो.

दुपारचा वारा हा इथला खरा धोका. रुंद पाण्यावर लाटा एका दिशेने येतात, घळीत त्या कड्यावर आपटून परत फिरतात आणि समोरून येणाऱ्या लाटांत मिसळतात. हाउसबोटी आणि स्पीडबोटींच्या लाटा त्यात आणखी भर घालतात. मुख्य घळीच्या अरुंद भागात लहान बोट सगळ्या बाजूंनी हलते आणि थांबायला कुठे जागा नसते. त्यामुळे वारा सुटायच्या आत तो भाग ओलांडून पाद्रे बे या उपसागरात पोचायचं, हा दादाचा शिरस्ता. पुढचं पेट्रोलही मोजून ठेवावं लागतं. डँगलिंग रोपची मरिना काही वर्षांपासून बंद आहे, म्हणजे खालच्या टोकाच्या मरिना सोडल्या की पेट्रोल थेट वरच्या अर्ध्यात, हॉल्स क्रॉसिंग-बुलफ्रॉगला. पाद्रे बे युटात येतो, म्हणून तिथे फोनचं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं, कारण अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही.

उत्तरेकडच्या वाळूवर आम्ही तंबू टाकला. पाण्याजवळ राहायचं तर शौचासाठी फिरतं टॉयलेट सोबत ठेवणं बंधनकारक आहे, आणि इतक्या लोकांचं पिण्याचं पाणी या नदीवर अवलंबून आहे म्हटल्यावर ते योग्यच. १७७६ साली दोन स्पॅनिश पाद्री आपल्या तांड्यासह कोलोरॅडो ओलांडून गेले ती जागा याच पाण्याखाली आहे. उपसागराला नाव त्यावरून मिळालं. घोडे उतरवता यावेत म्हणून त्यांनी खडकात पायऱ्या खोदल्या होत्या, त्याही बुडाल्या.

संध्याकाळी स्मॉलमाउथ बास. हा स्ट्रायपरहून वेगळा खेळ. कड्याखाली कोसळलेल्या दगडांचे ढीग जिथे पाण्यात उतरतात, तिथे तो एकेकटा दबा धरून असतो. हलक्या जिगला प्लास्टिकचं आळीसारखं आमिष लावायचं, दगडांत टाकायचं आणि तळाला घासत हळूहळू ओढायचं. हा मासा उड्या मारतो, लेकीला स्ट्रायपरपेक्षा हाच जास्त आवडला. पाणी उतरतं तसे नवे दगड त्याला मिळत जातात आणि जुने कोरडे पडतात, त्यामुळे मागच्या वर्षीची जागा या वर्षी सापडेलच असं नाही.

तिथे बसल्या बसल्या दादाने धरणाखाली काय चाललं आहे ते सांगितलं, आणि मला वाटतं पॉवेलवर गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. स्मॉलमाउथ इथे १९८२ साली सोडला. वीजनिर्मितीसाठी पाणी आत घेणाऱ्या नळांची तोंडं साधारण ३,४७० फुटांवर आहेत. जलाशय भरलेला होता तेव्हा ती सव्वादोनशे फूट खोल, अंधाऱ्या गार पाण्यात होती. तिथे स्मॉलमाउथ जातही नव्हता आणि खालच्या नदीत पोचणारं थंडगार पाणी त्याला मानवणारंही नव्हतं. आता तीच तोंडं पृष्ठभागापासून नव्वद फुटांच्याही आत आली आहेत. वरचं कोमट पाणी आणि त्यातले मासे दोन्ही टर्बाइनमधून खाली जातात. २०२२ साली धरणाखाली स्मॉलमाउथची पिल्लं सापडली, म्हणजे तो तिथे विणायला लागला होता. पुढे ग्रँड कॅन्यनमध्ये हंपबॅक चब आहे, पाठीवर कुबड असलेला, वेगाच्या गढूळ पाण्यासाठी घडलेला आणि या नदीखोऱ्याबाहेर कुठेही न आढळणारा मासा. मोठ्या प्रयत्नांनी त्याची संख्या सावरली आणि २०२१ साली त्याला 'धोक्यात'च्या वर्गातून काढून एक पायरी खाली आणलं. स्मॉलमाउथ त्याची पिल्लं खातो. म्हणून २०२४च्या उन्हाळ्यात, वीज बुडाली तरी चालेल असं ठरवून, आणखी खालच्या नळांतून गार पाणी सोडलं गेलं, खालची नदी स्मॉलमाउथला विणण्याइतकी तापू नये यासाठी.

या पाण्यात आम्ही जे जे धरतो ते सगळं माणसाने आणलेलं किंवा माणसाच्या मागोमाग आलेलं आहे. नदीचे स्वतःचे मासे, सहा फुटांपर्यंत वाढणारा कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, बोनीटेल, हे आता इथल्या गळावर क्वचितच दिसतात. चुकून लागलाच तर लगेच, पाण्यातच सोडवून द्यायचा. त्यांची चित्रं आम्ही लेकीला आधी दाखवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर पाऊस पडतोय असं वाटावं इतके बारीक ठिपके उठत होते. आकाश निरभ्र होतं. हे लहान स्ट्रायपर, शॅडची नुकती जन्मलेली पिल्लं पृष्ठभागावरून तोंड उघडून टिपत फिरत होते. इथले लोक याला स्लर्प म्हणतात. दिसायला मासे हाताशी, धरायला कठीण. बोट जवळ नेली की सगळी झुंड खाली जाते आणि शंभर फुटांवर पुन्हा वर येते. इंजिन लांबच बंद करायचं, झुंड कुठल्या दिशेने सरकते ते बघायचं, तिच्या पुढे बराच लांब छोटा चमकता ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, टाकायचा आणि पृष्ठभागालगत ओढत तिच्यातून आणायचा. दादाला काही मिळाले, मला दोन. मागे एका सप्टेंबरात मी इथेच बॉइल पाहिला होता. तोवर शॅड बोटाएवढे होतात आणि स्ट्रायपर त्यांना खालून रेटत वर आणतात, पाणी उकळल्यासारखं उसळतं, शॅड हवेत उडतात आणि काहीही टाकलं तरी मासा घेतो. पण तो बॉइल पाच मिनिटांत संपतो. स्लर्पच्या मागे मात्र आम्ही ऊन चढेपर्यंत फिरलो, आणि मला त्यात जास्त समाधान मिळालं.

वारा सुटायच्या आत वाहवीपला परतलो. बोट बाहेर काढल्यावरचं काम उतरवण्यापेक्षा जास्त वेळ खातं. सगळे प्लग काढायचे, लाइव्हवेल म्हणजे जिवंत मासे ठेवायची टाकी, बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाची पाणी साचायची जागा, नांगराचा कप्पा, जिथे जिथे पाणी राहू शकतं ते रिकामं करायचं, इंजिनातलं निथळू द्यायचं, दोऱ्यांवर आणि नांगरावर काही चिकटलं आहे का ते हाताने चाचपून बघायचं. क्वागाची अळी डोळ्यांना दिसत नाही, चमचाभर साचलेल्या पाण्यातूनही दुसऱ्या तलावात जाऊ शकते. दुसऱ्या पाण्यात उतरवण्याआधी बोट ठरावीक दिवस कोरडी ठेवावी लागते. दादाची फिनिक्सला अंगणात प्लग उघडे टाकून उभी असते, आणि शेजारच्या कुणी जवळच्या तलावावर चल म्हटलं तरी त्या दिवसांत तो तिला हात लावत नाही.

मासे घरी येऊन साफ केले. स्ट्रायपरचे फिले, म्हणजे बिनकाट्याचे काप, काढल्यावर कातडीखाली, मधोमध, गडद तांबडी पट्टी असते. ती सुरीने पूर्ण काढून टाकायची, मग मांस पांढरं आणि सौम्य लागतं. कोकम आणि तिरफळ घालून आमटी केली, थोडे रवा लावून तळले. धरणाकडच्या खालच्या भागातल्या स्ट्रायपरमध्ये पारा आढळल्यामुळे युटा आणि अ‍ॅरिझोनाने २०१२ साली खाण्याबद्दल सूचना काढली होती. मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. म्हणून लेकीच्या ताटात लहान माशांचे तुकडे, तेही कधीतरीच. बाकीचे फिले शेजारीपाजारी वाटले, प्रत्येक पिशवीवर मासा कुठला ते लिहून. माझी एक मैत्रीण गरोदर आहे, तिला यातलं काही दिलं नाही. तिच्याकडे त्या दिवशी नुसती कोकमाची कढी पाठवली.